मधून न जाणाऱ्या लाइनी

बंगळुरूच्या मॅडम स्क्रीनकडे वाकल्या आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. माझ्यापर्यंत 'सेंटर' आणि 'एम्प्टी' एवढे दोनच शब्द आले. मी माउस धरून बसले होते. डेमो चालू असताना मी चित्र मोठं करायचं, लहान करायचं आणि बाकी गप्प राहायचं, असं कामत सरांनी सकाळीच सांगितलं होतं. ते सांगायची गरज नव्हती. घरी पाहुणे आले तरी मी आतल्या खोलीत जाऊन बसते.

कामत सर हसत म्हणाले, "मंदाताई, जरा मध्ये झूम करा."

मी केलं. चिपच्या मधोमध खरंच काही नव्हतं. निळ्या लाइनी चारी बाजूंना कडेकडेने फिरत होत्या. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्या बायका भिंतीला टेकून बसतात आणि मधली सतरंजी रिकामी राहते, तसं ते दिसत होतं. सर हसायचे थांबले.

हे काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॉम्प्युटरच्या आत नखाएवढा तुकडा असतो, ती चिप. तिच्यात हिशेब करणारे पुष्कळ छोटे भाग असतात आणि ते सारखे एकमेकांना निरोप पाठवत असतात. हे निरोप बारीक तारेतून विजेने जातात. निरोप फार वाढले की तारा तापतात. म्हणून आता हे निरोप प्रकाशाने पाठवायचे, असं मोठ्या कंपन्यांचं चाललंय. चिपवरच केसाहून बारीक वाट कोरायची आणि तिच्यातून प्रकाश सोडायचा. इंजिनियर तिला वेव्हगाइड म्हणतात. आम्ही लाइन म्हणायचो.

प्रकाशाचे नखरे फार. तारेतली वीज कशीही वळवली तरी वळते. प्रकाश एकदम काटकोनात वळवला तर बाहेर सांडतो, म्हणून वळण गोल द्यावं लागतं. दोन लाइनी एकमेकींना आडव्या गेल्या की दोघींचा थोडा थोडा प्रकाश जातो. त्याला क्रॉसिंग म्हणतात. लाइन लांबली तरी शेवटी पोचेपर्यंत प्रकाश मंद होतो. असा जो प्रकाश वाया जातो त्या सगळ्याला मिळून लॉस म्हणतात. तारा एकीवरून एक, मजल्यावर मजला चढवून नेता येतात. प्रकाशाच्या लाइनी बहुतेक एकाच मजल्यावर असतात. त्यामुळे कुठली लाइन कुठून न्यायची हेच मोठं डोकेदुखीचं काम. ते आपोआप करणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवत होती. कंपनी म्हणजे अंधेरीच्या एमआयडीसीतला दोन मजली गाळा. खाली औषधांच्या खोक्यांची छपाई चालायची, वर आम्ही.

सॉफ्टवेअरला आधी शिकवावं लागतं. माणसांनी काढलेली चांगली चित्रं त्याला ढिगाने दाखवायची, मग ते तसं काढायला लागतं. ती चित्रं काढायला आम्ही चौघी होतो. मी, शैला परब, रुक्साना आणि जयू.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पण माउस माझ्या हातात बरीच वर्षं आहे. मरोळला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये मी पंचिंग करायचे. पंचिंग म्हणजे कागदावरची वेलबुट्टी स्क्रीनवर टाक्या-टाक्याने काढायची, मग मशीन ती कापडावर भरतं. ते युनिट सुरतेला गेलं. मालक म्हणाला, तुम्हीपण चला. संसार उचलून कोण जाणार? कामत सरांना स्थिर हाताच्या बायका हव्या होत्या. इंजिनियर मुलांना लाइनी काढायला बसवलं की ती दुसऱ्या महिन्यात सोडून जातात, असं ते म्हणायचे. आमच्या मालकाने जाता जाता त्यांना माझं नाव सांगितलं. मला काम विचारत हिंडावं लागलं नाही. माझ्यासाठी हे फार मोठं होतं. मला कामाची भीती कधी वाटली नाही, काम मागायची वाटते. कुणाच्या दारात उभं राहून 'काही आहे का' म्हणायचं ठरवलं की माझी जीभच हलत नाही.

पहिल्याच दिवशी कामत सर म्हणाले होते, "बंगळुरूच्या क्लायंटचा प्रोजेक्ट आहे. डेमो पास झाला की चौघींना पर्मनंट करतो." तेव्हापासून आमचं सगळं लक्ष त्या एका शब्दावर. जयूला लग्नाआधी पर्मनंट व्हायचं होतं. शैलाच्या नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, त्याचं रक्त मशीनवर धुवून घ्यावं लागायचं. पर्मनंटला विम्याचं कार्ड मिळतं, त्या कार्डावर ते होतं. आणि मला पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

सुरुवातीला एकेकजणी एकेक चिप पूर्ण काढायची. वेळ लागायचा. मग सरांनी एकाच चिपवर दोघींना बसवलं. रुक्सानाने काढलेली लाइन जयू हलवायची, जयूची रुक्साना. रोज भांडण.

"तुझी लाइन काय तुझ्या बापाने दिलीये काय?"

"आणि तुझी? जरा सरकवली तर काय जीव गेला?"

एके दिवशी शैलाने डबा बंद केला आणि म्हणाली, "काय गो कोंबड्यांसारख्या भांडताय! अड्ड्यावर कधी बसलात नाय काय? आपापल्या समोरचा भरायचा. दुसरीच्या हद्दीत सुई घालायची नाय. संपला."

शैला मूळ मालवणची, राहते गोवंडीला. तिथे शेजारच्या जरीच्या कारखान्यात ती बरीच वर्षं कामाला होती. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ताणतात आणि भोवती कारागीर बसतात. प्रत्येकाने आपल्या समोरचं भरायचं. शेजाऱ्याचा भाग राहिला तरी हात लावायचा नाही. लावला तर तो अपमान समजतात. रुक्साना घरी जरीचंच काम बघत वाढलेली, तिला लगेच पटलं. मी मशीनच्या युनिटमधली, पण आमच्याकडेही दुसरीच्या टाक्याला हात लावायचा नाही अशीच रीत होती.

आम्ही चौघींनी मिळून एकच चिप घेतली आणि तिचे चार भाग केले. मला खालचा डावा. एखादी लाइन माझ्या भागातून शैलाच्या भागात न्यायची असली तर मी ती बाहेरच्या कडेपर्यंत आणून सोडायची, तिने तिथून पुढे उचलायची. मध्ये चौघींच्या हद्दी एकत्र येतात, तिथे कुणीच लाइन न्यायची नाही. न्यायची म्हणजे तिघींना विचारत बसा. भांडणं थांबली. काम दुपटीने व्हायला लागलं.

कामत सरांनी ते बघितलं आणि खूश झाले. "शैलाताई, हे झकास आहे. आजपासून हीच प्रोसेस. कुणी कुणाच्या एरियात जायचं नाही." त्यांनी काचेच्या भिंतीवर मार्करने मोठा चौकोन काढला, चार भाग केले, प्रत्येकात एकीचं नाव लिहिलं. बाहेरून कुणी आलं की तिथे उभं करून सांगायचे, ही आमची प्रोसेस, हातमागाच्या कारागिरांवरून घेतली. हातमागाशी आमचा काही संबंध नव्हता. शैला मागून पुटपुटायची, "उद्या सांगतील, आमी कोळंबी सोलायचो, तिच्यावरून घेतली."

आमच्या लाइनी अनिकेत तपासायचा. अनिकेत म्हणजे तिथला इंजिनियर, सव्वीस-सत्तावीसचा, मुलुंडहून यायचा. क्रॉसिंग किती, वळण बरोबर आहे का, लॉस किती, हे तो एकेका लाइनीचं बघायचा. सगळं पास व्हायचं. सरावाच्या चिपा छोट्या होत्या. कडेने वळसा घातला तरी लाइन फार लांबत नव्हती. बंगळुरूची चिप मोठी निघाली.

डेमोत काय झालं ते यावरून कळेल. आमच्याकडून शिकलेल्या सॉफ्टवेअरने ती मोठी चिप घेतली आणि समोरासमोरचे दोन भाग जोडायलासुद्धा लाइन पार कडेने फिरवून आणली. दारातून समोरच्या घरात जायचं तर चाळीला पूर्ण वळसा घालून जायचं, असा प्रकार. शेवटी प्रकाश पोचत होता तो मिणमिणता. लॉसचे आकडे लाल झाले. मॅडमनी आवाज चढवला नाही. पुढचा कॉल कधी घ्यायचा ते ठरवलं आणि कामत सरांशी हात मिळवून निघाल्या. सर त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद करा ते."

दुसऱ्या दिवशी अनिकेतने सुरुवातीची मोजकी सोडून आमची बाकी सगळी चित्रं एकावर एक ठेवली. जिथे जास्त लाइनी तिथे गडद निळं, जिथे नाहीत तिथे पांढरं. स्क्रीनवर मधोमध पांढरी अधिकची खूण उमटली. इतकी स्वच्छ की पट्टी लावून काढल्यासारखी. आमच्या चार हद्दी.

जयू म्हणाली, "अय्या, ही तर आपली बॉर्डर."

कुणी हसलं नाही. मला स्वतःला ते बघून वाईट वाटलं. एवढ्या चित्रांत आमच्यातली कुणी एकदाही मध्ये गेली नव्हती आणि मशीनने तेच आमच्याकडून उचललं होतं. त्याला वाटलं, मध्ये जायचं नसतं. अड्ड्यावर कापड दोन दांड्यांना गुंडाळलेलं असतं. पुढचं भरून झालं की ते फिरवतात, मग मधलं समोर येतं. स्क्रीन कुणी फिरवत नाही. हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. अनिकेतच्याही नाही, सरांच्याही नाही. कुणाच्याच नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कामत सर कमरेवर हात ठेवून त्या पांढऱ्या खुणेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मध्ये जायचं नाही असं कुणी सांगितलं होतं?"

"तुमीच," शैला म्हणाली.

"मी म्हणालो एरिया वाटून घ्या. मधलं सोडून द्या असं म्हणालो?"

"कुणी कुणाच्या एरियात जायचं नाय म्हणालात. मग मधलो एरिया कोणाचो? त्या भिंतीवर लिवलाय काय कोणाचा नाव?"

सगळ्यांनी काचेच्या भिंतीकडे बघितलं. चौकोन अजून होता. सरांनी रुमाल काढला आणि तो पुसायला घेतला. मार्कर जुना झाला होता, निघेना. शेवटी जयूने पाण्याचा फडका आणून दिला.

पुसता पुसता ते नरमले. "हे बघा, झालं ते झालं. दुसरा चान्स मिळालाय. आता फक्त मधलं काढायचं. एकेकीने पूर्ण चिप काढायची, प्रत्येक लाइन सरळ मधून न्यायचा प्रयत्न करायचा. हे निस्तरलं की पर्मनंटचं मी बघतो."

"बघतो म्हणजे?" रुक्सानाने विचारलं.

"बघतो म्हणजे बघतो."

आम्ही मधलं काढायला बसलो. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. हात मध्ये जायलाच तयार नव्हता. मी लाइन घेऊन निघायचे आणि मध्याच्या जवळ आलं की माउस आपोआप खाली वळायचा. शैला शेजारून ओरडायची, "मंदा, घूस! घूस गो! कोणाच्या बापाचा नाय ता!" आणि तिचीही लाइन वळलेली असायची. मध्ये सगळ्याच लाइनी एकत्र येतात, त्यामुळे क्रॉसिंग वाढतं. कोणाला सरळ जाऊ द्यायचं, कोणाला थोडा वळसा द्यायचा, हे एकेका लाइनीला ठरवावं लागायचं. अनिकेत आमच्याबरोबर बसायचा. त्याला जिथे सुटायचं नाही तिथे आम्हाला सुटायचं, आम्हाला सुटायचं नाही तिथे त्याला. खरं सांगायचं तर त्या गाळ्यात मला सगळ्यात आवडलेले दिवस ते. डोळे जळजळायचे, पण संध्याकाळी पूर्ण झालेली चिप बघून बरं वाटायचं. मधून लाइनी अशा जायच्या की एकीचा दुसरीला धक्का नाही.

सॉफ्टवेअर पुन्हा शिकलं. मोठी चिप पुन्हा घातली. लाइनी मधून गेल्या. लाल आकडे हिरवे झाले. जयूने खालच्या टपरीवरून सगळ्यांना कटिंग चहा आणला आणि रुक्साना म्हणाली, आता पर्मनंटचे पेढे कोण देणार ते ठरवा.

मग बंगळुरूचा कॉल आला. यावेळी मॅडम आल्या नव्हत्या, मोठ्या स्क्रीनवर दिसत होत्या. माउस पुन्हा माझ्याकडे. कामत सर इंग्रजीत बोलत होते. मी ऐकत नव्हते, चित्र हलवत होते. पण 'एम्ब्रॉयडरी' हा शब्द कानावर आला आणि मी ऐकायला लागले. माझ्या जुन्या कामाचा तो शब्द, तो इंग्रजीत आला तरी मला कळतोच. मग 'लेडीज' आला. 'मिस्टेक' आला. 'अनट्रेन्ड' आला. आणि शेवटी 'रिमूव्ह'. 'रिमूव्ह' आमच्या सॉफ्टवेअरमधलं लाल बटण आहे. लाइन चुकली की ते दाबायचं, ती लाइन जाते.

मॅडम म्हणाल्या, "ओके, गुड."

कामत सर माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मला कळणार नाही असं त्यांना वाटलं, की कळलं तरी चालेल असं वाटलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

कॉल संपल्यावर मी जिन्यात जाऊन शैलाला सांगितलं. अनिकेत सिगारेट ओढत तिथेच उभा होता. मी त्याला विचारलं, सर नक्की काय बोलले? तो आधी नको म्हणाला. शैलाने त्याच्याकडे बघितलं तेव्हा बोलला. "सर म्हणाले, मधलं रिकामं राहिलं ते अनट्रेन्ड बायकांनी आपल्या भरतकामाची सवय लावल्यामुळे. आता त्यांना प्रोसेसमधून काढलंय."

"आणि तू काय बोललास?" शैलाने विचारलं.

"मी काय बोलणार, शैलाताई? माझं प्रोबेशन चालू आहे."

"भिंतीवरचा चौकोन त्यांनी काढलान हां, आमी नाय," शैला म्हणाली. "चला गो. सगळ्या चला."

आम्ही चौघी केबिनमध्ये गेलो. मी सगळ्यात मागे. केबिन एवढीशी होती की माझी पाठ दाराला लागली होती.

"सर, आमाला काढलंत?" शैलाने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तुमीच म्हणालात. मंदाने ऐकलान."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"ताई, ती बोलायची पद्धत असते. क्लायंटला काहीतरी कारण द्यावं लागतं."

"मग तुमचा नाव द्यायचा कारण म्हणून."

"माझं नाव दिलं तर कंपनी बंद पडेल. तुमचं दिलं तर काय होतं?" ते अगदी शांतपणे म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"आमी घरी जातो. ता होतां," शैला म्हणाली.

रुक्साना म्हणाली, "सर, ती रीत तुम्हाला आवडली होती. येईल त्याला दाखवत होतात. तेव्हा ती कंपनीची होती."

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांगा ना."

त्यांनी घड्याळात बघितलं. "हे बघा, असं चौघींनी एकदम येऊन काही होत नाही. उद्या एकेकजणी या. शांतपणे बोलू. पहिली शैलाताई."

जिना उतरताना शैला म्हणाली, "उद्या एकेकीला बोलवतील. पण बोलायचा एकच. चौघी नायतर कोण नाय. मंदा, तूपण बोलायचा हां. तोंडात मूग धरून उभी रवू नको." मी हो म्हटलं. हो म्हणायला मला जड जात नाही.

दुसऱ्या दिवशी शैला आत गेली ती बराच वेळ आत होती. काचेतून तिचे हात हलताना दिसत होते. सरांचे हात टेबलावर होते. मग तिचे हात हलायचे थांबले. ती बाहेर आली आणि सरळ आपल्या खुर्चीवर बसली. रुक्सानाने खुणेने विचारलं, काय? शैलाने माउस हातात घेतला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. स्क्रीन बंद होता.

रुक्साना आत गेली, मोठ्याने बोलून आली, पर्स उचलून जिना उतरून गेली. शैला तिच्या मागे खाली गेली. जयू रडत आली. मग मी.

कामत सर म्हणाले, "बसा, मंदाताई. पाणी घ्या. खरं सांगतो, तुमचं काम सगळ्यात चांगलं आहे. तुम्हाला कुठेही काम मिळेल."

मला बोलायचं होतं. रात्रभर वाक्य तयार केलं होतं. 'सर, जी रीत तुम्ही भिंतीवर लिहिली तिच्यासाठी आम्हाला का काढता?' एवढंच. ते ओठांपर्यंत आलं. सर माझ्याकडे बघत होते आणि मी बोलत नाहीये हे त्यांना दिसत होतं. मग फोन वाजला, त्यांनी तो उचलला आणि हाताने मला दार दाखवलं.

मी म्हणाले, "बरं."

खाली टपरीजवळ शैला उभी होती. माझ्यासाठीच थांबली असावी.

"काय बोललंस आत?"

"काय नाही."

"काय नाय म्हणजे?"

"बरं म्हटलं."

तिने डोळे मिटले. "बरं म्हटलंस. वा." मग हळू आवाजात म्हणाली, "मी त्याका सांगितलंय, मी बंगळुरूच्या बाईला फोन करून चौकोनाची सगळी गोष्ट सांगणार. माझ्याकडे तिचो नंबरच नाय. पण त्याका काय ठावक. घाबरलो तो. म्हणालो, एकच जागा आहे. पर्मनंट. एकच."

"आणि आम्ही?"

"तुमची नावं घेतली मी. तिघींची घेतली. तो म्हणालो, तुला हवी की नको ते सांग, आत्ताच्या आत्ता. दुसरीला विचारतो नायतर."

मी पदर सारखा केला.

"शिव्या घाल गो. रुक्साना घालून गेली."

"तुझ्या नवऱ्याचं ते कार्डावर होईल ना?"

"होईल म्हणालो तो."

"मग बरं."

"परत बरं!" ती ओरडली. टपरीवाला बघायला लागला. "मंदा, दुसरीला विचारतो म्हणालो तो. दुसरी म्हणजे तूच होतंस. तो तुझ्या कामावर खूश होतो. मी नको म्हटलं असतं तरी तू आत जाऊन काय करणार होतंस? बरंच म्हणणार होतंस ना?"

तिला स्वतःचं समाधान करून घ्यायचं होतं, हे मला कळत होतं. पण ती बोलली ते चुकीचं नव्हतं. त्यामुळे जास्त लागलं. रिक्षा आली, ती बसली. मी महाकाली रोडने चालत निघाले. घरी पोचल्यावर नवऱ्याला सांगितलं, काम संपलं. तो म्हणाला, संपणारच होतं.

त्यानंतर बरेच दिवस मी रोज ठरवायचे की आज एमआयडीसीत दोन-तीन गाळ्यांत विचारून यायचं. साडी बदलायचे, चपला घालायचे आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत यायचे. शेवटी रुक्सानानेच मला ओढून नेलं. तिला साकीनाक्याला खड्यांच्या दागिन्यांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. माझ्यासाठी तिनेच विचारलं. मी तिच्या मागे उभी होते. आता मी तिथे खडे बसवते. पर्मनंट वगैरे तिथे काही नसतं, त्यामुळे कुणी आशाही दाखवत नाही.

अनिकेत एकदा मेट्रोच्या जिन्यावर भेटला. मला बघून त्याने मान खाली घातली होती. मग थांबला. सॉफ्टवेअर बंगळुरूवाल्यांनी घेतलं, म्हणाला. चांगलं चाललंय, लाइनी मधून सुरेख जातात. मी विचारलं नव्हतं तरी सांगत होता. शैलाताई आहे अजून, नव्या मुली आल्यात, त्यांना तीच शिकवते. कार्ड मिळालं तिला. मी म्हटलं, छान झालं. हे मनापासून म्हटलं की नाही, ते मला ठाऊक नाही. त्या मधल्या लाइनींत किती माझ्या आहेत, हे त्याला विचारायचं मनात आलं होतं. पण ते सॉफ्टवेअरला तरी कुठे माहीत असणार?

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की आपली रीत साहेबाला आवडली की ती कंपनीची होते आणि बिघडली की परत आपली होते. कुठे काय बिघडेल हे आधी कळत नाही. कुणाच्या माथी येईल हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

साकीनाक्याचा मालक मला दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीतून आलात ना? इथे काम पटापट व्हायला काही आयडिया असेल तर सांगा."

मी म्हटलं, "नाही हो. तुम्ही सांगाल तसं करीन."